हेल्मेट नंबर एक्केचाळीस

बाबांच्या पँटला सकाळी दोन क्लिपा लागत. स्टीलच्या, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या. घोट्यापाशी पँटचा पाय गोळा करून त्या बसवल्या की कापड सायकलच्या चेनमध्ये अडकत नसे. क्लिपा लावण्याआधी बाबा आमचे असत. भाजीत मीठ कमी आहे म्हणून आईशी वाद घालत, माझी वेणी ओढत, एकाच बनियनला पडलेली भोकं मोजून दाखवत. क्लिपा लागल्या की ते सरकारचे होत. मग त्यांच्याशी बोलायचं तर थोडक्यात आणि मुद्द्याचं. आई म्हणायची, "आता हे उलट टपाली उत्तर देतील."

दिल्लीत रामकृष्णपुरमच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही तिघं राहत होतो. सव्वानऊ वाजले की सगळा सेक्टर सायकलवर बसे. आधी जिन्यांवरून सायकली उतरवल्याचे आवाज, एकेका पायरीवर टणक, टणक. मग हँडलला लावलेल्या डब्यांची खुळखुळ, मग घंट्या. घंटी वाजवायला कारण लागत नसे, लोक शेजाऱ्याला नमस्कार केल्यासारखी वाजवत. पंधरा मिनिटांत सगळं संपे आणि बायकांना भांड्यांचे आवाज ऐकू येऊ लागत. आज द्वारकेत आठव्या मजल्यावर बसून मी हे लिहिते आहे. खाली सव्वानऊला गाड्या निघतात, तेव्हा कोणीच कोणाला नमस्कार करत नाही. हॉर्न मात्र भरपूर.

आईचा स्वयंपाक नागपूरचा, भाजी दिल्लीची, आणि दोघांचं फारसं जमत नसे. बथुव्याला ती हट्टानं चाकवत म्हणायची. मी मात्र सुट्टीत नागपूरला गेल्यावर चाकवताला बथुवा म्हणायची आणि मावश्या हसायच्या. तांदूळ तेवढा आमच्याकडे खरा असे, कारण तो भंडाऱ्याहून रामटेके काकांच्या बिछान्याच्या वळकटीतून येई. काका बाबांच्याच खात्यात दफ्तरी होते, म्हणजे फायली बांधणं, सोडणं आणि हव्या तेव्हा न सापडणं ही त्यांची कामं. आमच्या मागच्या ब्लॉकमध्ये राहत. रविवारी दोघं मित्र अंगणात सायकली उलट्या करून रॉकेलच्या बोळ्यानं चेन पुसत बसत. बाबा एकेक कडी पुसत. काका दोन कड्या पुसून चहा मागत.

"वहिनी, तुमच्या नवऱ्याची सायकल अशी चमकते, की ट्रकवाल्यालाही धडक द्यायला लाज वाटावी."

"आणि तुमची?"

"माझी दिसतच नाही. तो वेगळा फायदा आहे."

बाबा असिस्टंट होते. असिस्टंट टिपण लिहितो, वरचे त्यावर सह्या करतात, आणि सह्या जसजशा वर जातात तसतसं टिपण मूळ लिहिणाऱ्याला ओळखू येईनासं होतं. त्या वर्षी खात्यातले मोठे साहेब तीन आठवडे परदेशात परिषदेला जाऊन आले. तिथे त्यांनी सायकलवाले पाहिले, त्यांच्या डोक्यावर हेल्मेटं पाहिली. परत आल्यावर बाबांना सांगण्यात आलं की सायकलवरून कामावर येणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेबाबत टिपण सादर करा. रोज दोन वेळा सहा मैल सायकल मारणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा त्याला माहीत असलेल्या विषयावर लिहायला सांगितलं होतं. बाबांनी सलग तीन संध्याकाळी ते टिपण लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं. मुद्दे पाच. पहिला, मोठ्या रस्त्यावर सायकलींसाठी वेगळी पट्टी. दुसरा, पुलाखालच्या वळणावरचे बंद दिवे. तिसरा, बसथांब्यापाशी बस डावीकडे ओढताना सायकलवाला चेपला जातो, त्याबद्दल बस चालवणाऱ्यांना प्रशिक्षण. चौथा, हिवाळ्यात कार्यालय अर्धा तास आधी सोडणं. पाचवा, एका ओळीत: डोक्याच्या संरक्षणासाठी योग्य दर्जाचं हेल्मेट घ्यायला उत्तेजन द्यावं.

टिपण खाली आलं तेव्हा पहिल्या चार मुद्द्यांवर लाल रेघ होती आणि समासात लिहिलं होतं की हे या खात्याच्या अखत्यारीत नाही. पाचव्यातला 'उत्तेजन' काढून 'सक्ती' घातलं होतं. साहेबांनी परदेशात सायकलींच्या वेगळ्या पट्ट्याही पाहिल्या असणार, पण त्या दुसऱ्या कुठल्यातरी खात्याच्या असाव्यात.

हेल्मेटं आली. सायकलची नव्हती, इमारतीच्या बांधकामावर घालतात तशी पिवळी, एकाच मापाची, आत प्लास्टिकची पट्टी. प्रत्येकावर काळ्या रंगात नंबर. वाटपाचा समारंभ झाला. मोठ्या साहेबांनी पहिलं हेल्मेट स्वतः घालून फोटो काढला आणि मोटारीत बसून निघून गेले. परिपत्रक बाबांनीच लिहिलं, आणि त्याच्या जोडीला अपघाताच्या अहवालाचा फॉर्मही. त्यात दहा रकाने होते. सातवा असा: अपघातसमयी कर्मचाऱ्याने हेल्मेट घातले होते काय? होय किंवा नाही.

परिपत्रकाची तपासणी कार्यालयाच्या गेटवर होई. म्हणून लोकांनी हेल्मेटं गेटवरच ठेवायला सुरुवात केली. गेटासमोर बनवारीची चहाची टपरी होती. तिच्या मागच्या भिंतीला त्यानं खिळे ठोकले. सकाळी सायकलवाले उघड्या डोक्यानं येत, चहा पीत, खिळ्यावरचं हेल्मेट चढवून चौकीदारासमोरून आत जात. पुढे तेवढीही गरज राहिली नाही. आत गेलेला माणूस हेल्मेट कुंपणावरून परत बाहेर टाके आणि दुसरा तेच घालून येई. रामटेके काकांच्या हिशेबानं डझनभर हेल्मेटांत सगळं खातं सुरक्षित होतं. घरापासून कार्यालयापर्यंत हेल्मेट घालून जाणारा एकच माणूस होता. बाबा. उन्हाळ्यात त्यांच्या कपाळावर पट्टीचा लाल वळ उठे. काका विचारायचे, "दादा, स्वतः लिहिलेलं स्वतः वाचणारे तुम्ही एकटेच का हो?"

मी तेव्हा अकरावीत गेले होते आणि मला सायकलनं शाळेत जायचं होतं. बस दोन बदलाव्या लागत आणि दोन्हींत माणसांचे हात फार असत. हे घरी सांगण्याची पद्धत नव्हती, म्हणून मी "बसला उशीर होतो" म्हणायची. बाबांनी अट घातली, हेल्मेट असेल तर. पण दुकानात तेव्हा सायकलची हेल्मेटं मिळत नव्हती, म्हणजे परवानगी दिली होती आणि नव्हतीही. सरकारी पद्धतच ती. पुढच्या रविवारी काका एक पिवळं हेल्मेट घेऊन आले. "बांधकामावर ओळखीचा मुकादम आहे, त्यानं दिलं," ते म्हणाले. मागच्या बाजूला काळी टेप चिकटवलेली होती. "तिथे जरासा चरा होता." बाबांनी ते उलटसुलट पाहिलं, माझ्या डोक्यावर बसवलं, पट्टी आवळली. टेपखाली काय आहे ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं, कारण सोळा वर्षांच्या मुलीला टेप दिसली की ती उचकटून बघते. खाली ४१ होतं. मी टेप परत चिकटवली आणि काकांना विचारलं.

"मला ते गेटापुरतंच लागतं, बेबी. आणि गेटाला कोणाचंही चालतं. दादाला सांगू नको. ते स्वतःविरुद्धच मेमो काढतील."

मी शाळेत ते घालून गेले. मुली मला ठेकेदारनी म्हणत. "ए ठेकेदारनी, छत कब डलेगी?" हा रोजचा प्रश्न. तरीही सांगते, आयुष्यात मला नंतर जी काही पदं मिळाली, त्यांपैकी एकातही त्या साडेचार किलोमीटरांइतकी मोकळीक नव्हती.

जानेवारीत, धुक्यात, संध्याकाळी सहाच्या सुमाराला पुलाखालच्या वळणावर काकांना बसनं चेपलं. दिवे बंद होते. बस थांब्याकडे डावीकडे ओढली गेली आणि काका बस आणि कठड्याच्या मधे सापडले. बाबा त्या दिवशी फाईल संपवायला मागे थांबले होते. बातमी घेऊन बनवारी स्वतः सायकलवरून आमच्या घरी आला. तो दारात उभा राहून आईला सांगत होता आणि त्याच्या हातात दूध ढवळायचा मोठा चमचा तसाच होता.

छातीला मार होता, त्यातच ते गेले. डोक्याला काही नव्हतं. काकांच्या पत्नी सुमनकाकू नंतर कित्येक वर्षं एकच वाक्य सांगायच्या, "त्यांचे केससुद्धा विस्कटले नव्हते."

दुःखाला मुदत मिळाली नाही, कारण क्वार्टरला होती. काकूंना अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळाली नाही, तर सहा महिन्यांत घर सोडून दोन मुलांसह भंडाऱ्याला जायचं, जिथे दिरांनी आधीच पत्र पाठवून जागा नसल्याचं कळवलं होतं. अर्ज पुष्कळ आणि जागा थोड्या. ज्याच्या कागदावर डाग असेल तो तळाला जाई. आणि कागद म्हणजे बाबांनी बनवलेला फॉर्म. तो भरायचा बाबांनीच. नऊ रकाने त्यांनी एका बैठकीत भरले. सातव्यापाशी चार दिवस अडले. 'नाही' लिहिलं तर त्याचा अर्थ कर्मचाऱ्यानं खात्याचा आदेश मोडला, म्हणजे निष्काळजीपणा त्याचा. 'होय' लिहिलं तर ते खोटं. त्यात स्टोअरची चिठ्ठी आली: मयत कर्मचाऱ्याकडील हेल्मेट क्रमांक ४१ जमा करावे, त्याशिवाय ना-हरकत मिळणार नाही. बाबा बनवारीकडे जाऊन सगळे खिळे बघून आले.

आई म्हणाली, "लिहा ना हो. एक शब्द आहे."

"मी रोज सकाळी पंचशील म्हणतो."

"मीही म्हणते. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, मलाही पाठ आहे. पण डोक्याला लागलंच नाही त्या माणसाच्या. तुमचा रकानाच खोटं विचारतो आहे, त्याला काय करायचं?"

बाबांनी फॉर्म पुन्हा पुढे ओढला. त्या रकान्याचं वाक्य त्यांनी तीनदा सुधारून लिहिलं होतं, ते मला आठवत होतं.

तेव्हा मी आतून हेल्मेट आणलं आणि त्यांच्यासमोर टेप काढली. टेप निघताना आवाज करते, एवढा मोठा की तो खोलीत राहून गेला. मी म्हणाले, "ते माझ्याकडे होतं. काकांनी मला दिलं म्हणून त्यांच्याकडे नव्हतं."

बाबांनी नंबरावरून बोट फिरवलं. "टेप कोणी लावली?"

"काकांनी."

"नीट लावली आहे," बाबा म्हणाले. त्या माणसानं आयुष्यात नीट केलेलं हे पहिलंच काम असावं, अशा सुरात. मग त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि बराच वेळ तो परत घातला नाही.

आई उठली, स्वयंपाकघरातून वरवंटा घेऊन आली. तिचं म्हणणं साधं होतं. हेल्मेट असं कोरं जमा केलं तर स्टोअरवाला विचारेल की अपघातात याला काहीच कसं झालं नाही. जरासं ठेचलेलं असलं की झालं, कोणी काही विचारणार नाही, आणि तोंडानं कोणाला खोटंही बोलायला नको. बाबा "अगं" म्हणेपर्यंत तिनं हेल्मेट जमिनीवर ठेवून लसूण ठेचतात तसा वरवंटा त्यावर मारला. हेल्मेटाचे सरळ दोन तुकडे झाले. एक माझ्या पायापाशी आला, एक पलंगाखाली गेला.

"मी जोरसुद्धा नाही लावला हो," आई म्हणाली.

पलंगाखालचा तुकडा काढायला बाबा वाकले आणि तिथेच जमिनीवर बसून राहिले. दोन्ही तुकडे जुळवून पाहिले, वेगळे केले, पुन्हा जुळवले. आठ महिने ते स्वतःचं असंच हेल्मेट ऊन-पावसात, हसणाऱ्या लोकांमधून घालून जात होते. एवढ्या वेळात मी त्यांना ओरडताना, रडताना पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते फक्त थकलेले दिसले, जसा माणूस फार लांबून आल्यावर चुकीच्या पत्त्यावर उतरला आहे हे कळल्यावर दिसतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी क्लिपा लावल्या, तुकडे कापडी पिशवीत घातले, आणि पाच मुद्द्यांचं मूळ टिपण, आदल्या रात्री स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिलेलं, सोबत घेतलं. मोठ्या साहेबांच्या खोलीत काय झालं ते त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही आईनं खोदून विचारल्यावर. त्यांनी तुकडे टेबलावर ठेवले आणि सगळं खरं सांगितलं. हेल्मेट कोणाचं, कोणी घातलं, कोणी फोडलं, कशानं.

"आपकी बेटी सरकारी सामान पहनकर स्कूल जाती थी?"

"जी सर."

"लिखकर देंगे?"

"जी. और ये भी लिखकर दूँगा कि टूटा कैसे."

साहेबांनी तुकड्यांकडे पाहिलं. खरेदीच्या फाईलवर शेवटची सही त्यांची होती, हे त्या खोलीत दोघांनाही माहीत होतं. बाबा धमकी देत होते का? मी त्यांना पुढे कितीदा विचारलं. ते म्हणत, "मी फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं." साहेब शेवटी म्हणाले, "वैसे कॉलम सात की ज़रूरत क्या है?" नवीन फॉर्म निघाला. त्यात नऊ रकाने होते. टिपणाबद्दल म्हणाले, "इसे छोड़ जाइए." बाबा ते सोडून आले.

काकूंना तीन महिन्यांनी नोकरी मिळाली, काकांच्याच दफ्तरात, फायली बांधायची. हव्या तेव्हा त्या सापडू लागल्या. सरकारी वस्तूच्या खासगी वापराबद्दल बाबांना लेखी समज मिळाली. निवृत्तीपर्यंत ती त्यांनी विम्याच्या कागदांबरोबर जपली. हेल्मेटाची सक्ती कोणी रद्द केली नाही. चौकीदारानं बघणं सोडलं, एवढंच. बनवारीनं खिळ्यांवर कपबशांची फडकी वाळत घातली. वळणावरचे दिवे मी लग्न होऊन जाईपर्यंत बंद होते. बाबा म्हणायचे, "पाच मुद्दे होते. चार खोडले, एक ठेवला, तो भलताच विकत घेतला, आणि शेवटी आपण त्याबद्दलचा प्रश्नच काढून टाकला. यात माझाही हात आहे." काकूंचं काम झाल्याचा आनंद त्यांना होता. पण तो आनंद ज्या रस्त्यानं आला त्यावरून ते दोन्ही वेळा मान खाली घालून जात.

हेल्मेट माझ्याकडे होतं हे काकूंना मीच जाऊन सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. भंडाऱ्याच्या शेवटच्या वळकटीतले. ऐकून घेतलं, हात थांबला नाही.

"त्यात त्यांना गरम व्हायचं," त्या म्हणाल्या. "तुला नसतं दिलं तर खिळ्यावर राहिलं असतं." मग एक पातेलं भरून माझ्या हातात दिलं. "आईला दे. आता तिकडून कोणी आणणार नाही." हे माफ करणं होतं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. भात आम्ही खाल्ला.

मी घरी जाहीर केलं की आजपासून बसनं जाईन. बाबा क्लिपा लावत होते. म्हणाले, "सायकल काढ." डोक्यावर काही नव्हतं, माझ्याही आणि पहिल्यांदाच त्यांच्याही. ते माझ्या उजव्या बाजूनं चालवू लागले, म्हणजे बसगाड्या त्यांच्याकडून जाणार आणि मी कडेला. मी पुढे गेले तर पुढे येत, मागे राहिले तर थांबत. शाळा त्यांच्या वाटेवर नव्हती. बारावी संपेपर्यंत ते रोज उजव्या बाजूला होते आणि रोज दहा मिनिटं उशिरा कार्यालयात पोचत. उशिराचं कारण लिहायच्या रजिस्टरात ते काय लिहीत, कोण जाणे.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत नोटीस लागली: आवारात सायकल चालवणाऱ्यांना हेल्मेट अनिवार्य. या मोहिमेच्या उद्घाटनाला पाहुणे आले, अंगाला चिकटणारे कपडे घालून, सायकली मोटारीच्या टपावर बांधून. दोन फेऱ्या मारल्या, फोटो काढले, सायकली परत टपावर चढवल्या. मी सेक्रेटरींना विचारलं की गेटाबाहेर जिथे स्कूलबस वळते तिथला दिवा गेले कित्येक आठवडे बंद आहे, त्याचं काय. ते म्हणाले, "आंटी, वो हमारे अंडर नहीं आता." मला नवल वाटलं नाही. या वयात नवल वाटण्याचाही कंटाळा येतो.

नातीला मी चांगलं हेल्मेट आणलं आहे, तपासलेलं, तिच्या मापाचं. हेल्मेटाशी माझं भांडण कधीच नव्हतं. तिच्या आईला वाटतं की मी तिच्याबरोबर सायकल काढते ते गुडघ्यांच्या व्यायामासाठी. गुडघे दुखतात, नात वेगानं जाते, मला धाप लागते. गेटाबाहेर पडलो की ती ओरडते, "आजी, साईड में चल ना, तू हमेशा रोड की तरफ़ क्यों आती है?"

मी उजवीकडेच राहते.